पोळी कोणाच्या हातची?

२०२३ च्या पितृपक्षात आम्ही उभयता सिंगापूरला मुलाकडे होतो आणि वडिलांची तिथी तेथेच आली. उज्जैनला असतो तर सिद्धवटावर जाऊन पिंडदान केले असते, गुरुजींना बोलावले असते, गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहिली असती. परमुलखात यांतले काहीच शक्य नव्हते. पक्ष्यांना उघड्यावर खाऊ घालण्यास तेथे कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा वडिलांच्या फोटोपुढे एक ताट वाढावे, स्मरण करावे आणि मग सर्वांनी जेवावे, एवढेच ठरले. खीर, वडे, भाज्या पत्नीने सुनेच्या मदतीने केल्या. पोळ्यांपाशी मात्र काम अडले. पत्नीच्या बोटांचे सांधे संधिवाताने सुजलेले असतात. लाटणे धरवत नाही. सून सहजपणे म्हणाली, "आई, मशीनवर करू या ना." आणि ज्याने जन्मात एकदाही पोळी लाटलेली नाही असा मी तत्काळ म्हणालो, "श्राद्धाच्या ताटात यंत्राची पोळी? ते बरे दिसणार नाही."

कोणी वाद घातला नाही. पत्नीने माझ्याकडे एकवार पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "बरं. मग तुम्ही लाटा."

त्या दिवशी मी लाटली नाही. ताटात यंत्राचीच पोळी वाढली गेली. परंतु तो प्रश्न माझ्या मागे लागला तो आजतागायत सुटलेला नाही. पोळी कोणाच्या हातची असावी, आणि असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार मंडळाच्या वाचकांसमवेत करावा म्हणून हा लेख.

ज्या यंत्रावरून हे घडले त्याचे नाव रोटीमॅटिक. ते घडविणारी स्त्री मराठी आहे, ही गोष्ट मला नंतर समजली. प्रणोती नागरकर या मूळच्या पुण्याच्या. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि २००८ मध्ये झिम्प्लिस्टिक नावाची कंपनी सिंगापुरातच स्थापन केली. घरची ताजी पोळी हवी आणि ती करावयास वेळ नाही, ही परगावी नोकरी करणाऱ्या प्रत्येक जोडप्याची अडचण हेच त्यांच्या उद्योगाचे बीज. संगणक क्षेत्रातील अनुभव असलेले त्यांचे पती ऋषी इसरानी पुढे या कामात सहभागी झाले. पहिल्या कल्पनेपासून ग्राहकाच्या ओट्यावर यंत्र पोहोचेपर्यंत सुमारे आठ वर्षे गेली. २०१४ मध्ये आगाऊ मागणी नोंदविणे सुरू झाले आणि २०१६ च्या सुमारास यंत्रे घरोघरी जाऊ लागली. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा एक हजार डॉलरच्या घरात होती.

आठ वर्षे? एका पोळीसाठी? मलाही प्रथम हसू आले. पण मुलाने यंत्राची रचना समजावून सांगितली तेव्हा हसू ओसरले. पीठ, पाणी आणि तेल यांचे तीन डबे वर बसविलेले असतात. यंत्र एका वेळी एकाच पोळीपुरती कणीक भिजवते, मळते, तिचा गोळा करते, दोन तव्यांमध्ये दाबून चपटी करते, दोन्ही बाजूंनी भाजते आणि फुगवून बाहेर सरकवते. या सर्वांस सुमारे दीड मिनिट लागते. आत तीनशेच्या आसपास सुटे भाग, दहा मोटरी आणि पंधरा सेन्सर आहेत. खरी अडचण लाटण्यात नव्हती, भिजविण्यात होती. पीठ जाड की बारीक, हवा दमट की कोरडी, यावर त्याला लागणारे पाणी बदलते. कणीक सैल झाली की चिकटते, घट्ट झाली की पोळी वातड होते. म्हणून यंत्र मळताना कणकेचा अंदाज घेत राहते आणि पाणी थोडेथोडे कमीजास्त करते.

हे ऐकताना मला आई आठवली. "पीठ मागेल तेवढंच पाणी द्यावं," असे ती माझ्या बहिणींना सांगे. पीठ मागते म्हणजे काय, हे तिला शब्दांत सांगता आले नसते. ते तिच्या बोटांना ठाऊक होते. अनेक शिकलेल्या माणसांनी आठ वर्षे खपून जे यंत्रात उतरविले ते ज्ञान आमच्या माजघरात चुलीपाशी बसलेले होते आणि त्याला ज्ञान म्हणावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नाही. त्याला आम्ही 'सवय' म्हणत होतो. या यंत्राचा पहिला उपकार मी हाच मानतो. पोळी करणे किती अवघड आहे, हे त्याने पुरुषांना पटेल अशा भाषेत, म्हणजे मोटरी आणि सेन्सर यांच्या भाषेत, सांगितले.

आणि तरीही ती आपली पोळी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हे यंत्र जे करते तो फुलका. तेलाचा हात लावून घडी घातलेली, भाजल्यावर पदर सुटणारी चौपदरी पोळी ते करीत नाही. पुरणपोळीची तर गोष्टच सोडा. माळव्यातल्या मराठी घरांनी दाल-बाफले आपलेसे केले, सकाळचे पोहे-जिलबी आपलीशी केली, बोलीत हिंदी-माळवी शब्द मुरू दिले. पण घडीची पोळी सोडली नाही. राणोजी शिंद्यांबरोबर जी घराणी अवंतिकेत आली, ज्यांच्या काळात दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकाळेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविल्यानंतरही जी येथेच राहिली, त्या घरांत पोळी ही एक प्रकारची ओळख आहे. तेव्हा माझा आक्षेप निव्वळ सोवळ्याचा नव्हता, असे मी स्वतःस समजावीत होतो. एक परंपरा जपण्याचा तो प्रश्न होता.

परंतु परंपरा म्हणजे काय, याचा हिशेब जरा सरकारी पद्धतीने मांडून पाहू. माझी उभी नोकरी राज्य शासनाच्या कागदांत गेली. आकडे मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही. आमचे घर मोठे होते. दोन्ही वेळच्या मिळून आई रोज किमान तीस पोळ्या लाटीत असे. वर्षाच्या झाल्या दहा हजार नऊशे पन्नास. चाळीस वर्षांच्या चार लाख अडतीस हजार. वडील आणि आम्ही भाऊ पंगतीला बसत असू. वडिलांना तव्यावरची पोळी थेट पानात लागे; डब्यात ठेवलेली पोळी ते परत पाठवीत. त्यात क्रौर्य नव्हते. ते सज्जन गृहस्थ होते, शाळेत शिक्षक होते, आवाज चढवून ते कधी बोलले नाहीत. सर्वांचे झाले की आई जेवायला बसे. तेव्हा चूल विझलेली असे आणि तिच्या पानात सर्वांत शेवटची, बहुधा करपलेली किंवा फाटलेली पोळी असे. आईला गरम पोळी जेवताना मी कधी पाहिलेले नाही. चार लाख अडतीस हजारांपैकी एकही नाही.

आता सिंगापूरची गोष्ट. यंत्राची एक अडचण अशी की ते दीड मिनिटाला एकच पोळी देते. आम्ही चौघे, प्रत्येकी तीन पोळ्या धरल्या तर बारा पोळ्यांना अठरा मिनिटे लागतात. म्हणून तेथे पद्धत अशी पडली की सर्वांनी एकत्र बसायचे, यंत्र आपल्या गतीने पोळ्या देत राहील, आणि येईल ती पोळी पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या पानात पडेल. पहिल्याच रात्री तिसरी की चौथी पोळी पत्नीच्या पानात आली. वाफ निघत होती. तिने तुकडा मोडला, तूप लावले आणि क्षणभर थांबली. आमच्या लग्नाला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. मी तिला विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. पण सर्वांबरोबर बसून गरम पोळी खाण्याचा तिचा आमच्या घरातला हा पहिला प्रसंग असावा, अशी मला दाट शंका आहे.

श्राद्धाच्या दिवशी मी ज्याला 'बरे दिसणार नाही' म्हणालो त्याच्या मागे हे सर्व होते.

आपल्याकडे 'हाताची चव' असा एक सुंदर शब्दप्रयोग आहे. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ही चव वाखाणणारे बहुधा खाणारे असतात, करणारे नसतात. दळणाचे उदाहरण घ्या. जात्यावर बसून स्त्रियांनी ओव्या रचल्या, त्या आपल्या भाषेचे भांडार आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि २०१७ पासून त्या सर्वांसाठी प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, भाऊराया आहे. त्याचप्रमाणे सासुरवास आहे, थकवा आहे, बाईच्या जन्माविषयीची तक्रारही आहे. गिरणी आली आणि जाते गेले. त्याबरोबर ओव्याही गेल्या, ही हानी खरीच. पण जाते गेले म्हणून रडलेली एकही बाई मला माझ्या आजीच्या पिढीत आढळली नाही. रडलो ते आपण, ओव्यांचे संग्रह वाचणारे. ओवी हवी असेल तर पहाटे तीनला उठून दळणारी बाईही हवी, असे म्हणण्याचा अधिकार त्या बाईखेरीज कोणाला आहे?

आक्षेपांचाही एक इतिहास आहे. नळाचे पाणी सोवळ्याला चालेल का, गिरणीचे पीठ नैवेद्याला चालेल का, गॅसवरचा स्वयंपाक पचेल का, हे प्रश्न आपल्याच घरांतून विचारले गेले. १९५९ च्या सुमारास भारतात बनलेले प्रेशर कुकर बाजारात आले तेव्हा कुकरचा भात 'निःसत्त्व' ठरविणारे वडीलधारे होतेच. आज या सर्व गोष्टी देवघरापर्यंत पोहोचल्या आहेत. शिर्डीच्या साईप्रसादालयात २००९ पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून हजारो भक्तांचा स्वयंपाक होऊ लागला. त्यासाठी गच्चीवर त्र्याहत्तर मोठ्या परावर्तक तबकड्या बसविल्या गेल्या. त्या प्रसादाला कोणी यंत्राचा म्हणून नाकारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सिंहस्थाच्या काळात, १९९२, २००४ आणि २०१६ अशा तिन्ही वेळा, मी उज्जैनमध्ये शासकीय कर्तव्यावर होतो. अखाड्यांच्या अन्नक्षेत्रांत कणीक मळण्याची यंत्रे चालताना पाहिली आहेत. पंगतीत बसलेला यात्रेकरू कणीक हाताने मळली की यंत्राने, असे विचारीत नाही. तो हात जोडतो आणि जेवतो.

मग हजारोंच्या अन्नदानात जे यंत्र पवित्र ठरते ते चार माणसांच्या घरातच का खटकते? मला वाटते, याचे कारण अन्नात नाही. अन्नक्षेत्रात आपल्यासाठी राबणारे हात अनामिक असतात. घरात ते हात एका विशिष्ट स्त्रीचे असतात, आणि ते आपल्यासाठी राबतात या जाणिवेने आपल्याला आपले महत्त्व पटते. यंत्र आले की पोळी तशीच राहते. कमी होते ते आपले महत्त्व. ही गोष्ट कबूल करणे सुखाचे नाही, म्हणून आपण तिला परंपरा असे नाव देतो.

माझे हे म्हणणे निव्वळ भावनेचे नाही. केंद्र शासनाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या; असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. मधल्या पाच वर्षांत कुकर, मिक्सर, गॅस यांत भरच पडली असणार. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांचीही नऊ वाचली! म्हणजे यंत्राने कष्ट थोडे हलके केले. वाटणी होती तशीच ठेवली. तेव्हा यंत्र घरात आणले म्हणजे न्याय झाला, असेही समजण्याचे कारण नाही.

यंत्राविषयी महात्मा गांधींचे मत काय होते, हे सर्वांस ठाऊक आहे असे आपण समजतो. पण १९२४ मध्ये एका तरुणाशी झालेल्या संवादात त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले होते, आणि एक अपवाद आवर्जून सांगितला होता. तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. हाताने शिवणकाम करून थकणारी पत्नी पाहून सिंगरने तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र शोधले, अशी कथा त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. सिंगरचे प्रत्यक्ष चरित्र या कथेशी जुळत नाही. पत्नीनिष्ठ म्हणून तो गृहस्थ मुळीच प्रसिद्ध नव्हता. परंतु गांधीजींनी लावलेली कसोटी त्यामुळे खोटी ठरत नाही. यंत्रामागे लोभ आहे की एखाद्या थकलेल्या माणसाविषयीची कणव आहे, हे पाहावे, अशी ती कसोटी. सिंगरच्या कथेत पुरुषाने स्त्रीसाठी यंत्र शोधले. पोळीच्या यंत्राच्या कथेत स्त्रीनेच ते शोधले. कणव करणाऱ्याची आणि थकणाऱ्याची जागा येथे एकच आहे, हा फरक मला मोलाचा वाटतो.

येथपर्यंत आलो तेव्हा माझा प्रश्न सुटला असे वाटून मी निश्चिंत झालो होतो. उज्जैनला परतल्यावर तो दुसऱ्या दाराने आत आला.

आमच्याकडे गेली काही वर्षे एक बाई पोळ्या करावयास येतात. पत्नीची बोटे दुखू लागली तेव्हापासूनच. त्या अशा सहा घरी जातात. त्यांवर त्यांनी दोन मुली वाढविल्या. धाकटी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. मुलाने फोनवर सुचविले, "बाबा, तुमच्यासाठीही एक मशीन पाठवतो." बाई ओट्यापाशीच होत्या. त्यांनी ऐकले आणि हसून म्हणाल्या, "बाबूजी, मशीन बेलेगी तो मैं क्या बेलूँगी?"

त्या हसल्या, पण लाटणे थांबले होते. आणि तेव्हा माझे लक्ष प्रथमच त्यांच्या उजव्या मनगटाकडे गेले. त्यावर गरम कापडाचा पट्टा बांधलेला होता. पत्नीच्या बोटांना आराम मिळाला तो या मनगटाच्या खर्चाने. म्हणजे आम्ही कष्ट कमी केले नव्हते. चार पैसे देऊन ते दुसरीकडे सोपविले होते. आता यंत्र आणावे तर त्यांची रोजी जाते, न आणावे तर त्यांचे मनगट जाते.

हा पेच जुनाच आहे आणि आपल्या मराठी मुलखात त्याची दोन निरनिराळी उत्तरे लोकांनी जगून दाखविली आहेत. ज्या १९५९ साली कुकर आले त्याच वर्षी मुंबईत गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तीच पुढे लिज्जत पापड या नावाने देशभर पसरलेली संस्था. पापड लाटणारी यंत्रे मिळत नव्हती असे नाही. तरीही लाटण्याचे काम स्त्रियांच्या हातीच ठेवावयाचे, असे त्या संस्थेने ठरविले. कारण पापड हे साधन होते आणि बायकांना काम हे साध्य. लाटणारी प्रत्येक बहीण तेथे संस्थेची भागीदार मानली जाते.

दुसरे उदाहरण प्रेमाताई पुरव यांचे. गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या शेकडो खानावळवाल्या होत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे बसून त्या शहराचा एक मोठा उद्योग जगवीत होत्या आणि स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले आणि बँकांचे कर्ज मिळवून दिले. त्यांनी पोळी करण्याची रीत बदलली नाही. पोळी करणारीचा हिशेब बदलला. ज्या कामाला घरात किंमत नव्हती ते काम बँकेच्या वहीत तारण म्हणून मांडता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

या दोन उदाहरणांवरून मला असे दिसते की हात श्रेष्ठ की यंत्र श्रेष्ठ हा वादच मुळात चुकीच्या ठिकाणी चालू आहे. विचारावयाचे ते असे: यातून कोणाचे कष्ट हलके झाले, आणि तसा निर्णय कोणी घेतला? लिज्जतच्या भगिनींनी हात निवडले. ते त्यांनी निवडले म्हणून त्यात प्रतिष्ठा आहे. माझ्या आईने हात निवडले नव्हते. तिच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता.

आजकाल स्वयंपाकघर 'स्मार्ट' करण्याची भाषा ऐकू येते. शेगडी फोनशी बोलते, भांडे स्वतःच भाजी ढवळते. यातले पुष्कळसे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांपुरते राहील. पण शहाणे स्वयंपाकघर म्हणजे महागडे स्वयंपाकघर, असा अर्थ होत नाही. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरातले खरकटे आणि खराब झालेले धान्य यांवर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र विकसित केले. २००६ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाच्या पाट्या वाहण्याऐवजी रोजचे थोडे उष्टे त्यात टाकावे आणि त्यावर चहा-भाजी व्हावी, अशी ती योजना. मूठभर कांडीकोळशावर वाफेने कुटुंबाचा स्वयंपाक करणारा सराई कुकरही याच संस्थेचा. धुराने डोळे गेलेल्या बायका ज्याने पाहिल्या आहेत त्याला यांतील शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. श्राद्धाच्या ताटात यंत्राची पोळी चालते का? मी शास्त्री नव्हे. शास्त्रार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण जे थोडे वाचले आहे त्यावरून एवढे कळते की गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोष दिला आहे तो केवळ स्वतःपुरते शिजविणाऱ्याला. तैत्तिरीय उपनिषद अन्नाची निंदा करू नये आणि अन्न वाढवावे असे सांगते. दोन्हीकडे प्रश्न अन्न कोणासाठी शिजते हा आहे. श्राद्ध या शब्दातच श्रद्धा आहे, आणि श्रद्धा ही ज्याची त्याने करावयाची गोष्ट आहे. वडील माझे, तिथी माझ्या वडिलांची, आणि हाताने लाटलेली पोळी हवी हा आग्रहही माझाच. मग लाटणारे हात तेवढे पत्नीचे का? अडतीस वर्षे मी माझी श्रद्धा तिच्या बोटांनी केली.

कोणी म्हणेल, यंत्राने प्रेम नाहीसे होईल. ही भीती अगदीच अनाठायी नाही. कष्टात प्रेम मिसळलेले असते, आणि कष्ट गेले की प्रेम आपोआप उरेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. सिंगापूरच्या घरात मी एक पाहिले. यंत्रात पीठ आणि पाणी भरण्याचे काम मुलगा करतो. उज्जैनच्या घरात स्वयंपाकघराचा उंबरठा न ओलांडलेला हा मुलगा, पोळी पातळ हवी की जाड, हे बायकोला विचारून यंत्राची कळ दाबतो. आता यंत्राचे आकर्षण पुरुषांना असतेच, असे म्हणून ते सोडून देता येईल. पण त्या निमित्ताने त्याने दुसऱ्याला काय आवडते हे विचारले, ही गोष्ट उरतेच. आमच्या घरात तो प्रश्न वडिलांनी आईला विचारल्याचे मला स्मरत नाही. मीही विचारलेला नाही.

बाईंचे काय झाले, ते सांगून थांबतो. आठवड्याभराने त्या आपण होऊन म्हणाल्या, "बाबूजी, वो मशीन आपके यहाँ क्यों, मेरे यहाँ लगवा दो. मशीन रोटी करेगी, मैं सब्ज़ी देखूँगी. दस टिफिन और हो जाएँगे." मी चकित झालो. प्रेमाताईंनी जे संघटनेच्या मार्गाने सांगितले तेच या बाईंनी कणीक मळता मळता सांगितले. यंत्र मालकाच्या ओट्यावर असेल तर ते रोजी खाते. करणारीच्या ओट्यावर असेल तर मनगट वाचविते. मी त्यांना हिशेब मांडून दाखविला की घरगुती यंत्र तासाला चाळीसच पोळ्या देते, किंमत फार आहे, धंद्याला निराळ्या जातीचे यंत्र लागेल. सध्या आम्ही दोघे मिळून तशा यंत्राच्या किमती आणि बँकेच्या कर्जाचे कागद पाहत आहोत. नोकरीत असताना मी कित्येकांच्या अर्जांवर शेरे मारले. अर्जदाराच्या बाजूला बसून अर्ज भरण्याची ही पहिलीच वेळ. काम होईल की नाही, हे आज सांगता येत नाही.

मुलाचे यंत्र मी तूर्त नको म्हणून कळविले. त्याऐवजी बाईंकडूनच लाटण्याचे धडे घेऊ लागलो. कणीक भिजविणे मला अजून साधलेले नाही. पीठ काय मागते ते मला ऐकू येत नाही. माझी पहिली पोळी पाहून बाई म्हणाल्या की मध्यप्रदेशचा नकाशा याहून गोल असतो.

२०२४ च्या पितृपक्षात वडिलांच्या तिथीला आम्ही उज्जैनलाच होतो. सिद्धवटावरून आल्यावर मी स्वतः बसून पाच पोळ्या लाटल्या. चार वाकड्या झाल्या, एक बरी साधली. गुरुजी काही बोलले नाहीत. बरी साधलेली पोळी वडिलांच्या ताटात ठेवावी असे प्रथम मनात होते. मग ठेवली एक वाकडी. वडिलांना तव्यावरची लागे, तशी गरम मात्र होती. बरी साधलेली पोळी मी तूप लावून पत्नीच्या पानात वाढली आणि ती जेवावयास बसेपर्यंत उभा राहिलो.